तीस कान आणि एक क्षीण हांक

मनुष्याच्या ज्ञानेंद्रियांत डोळ्यांस जितका मान मिळतो, तितका कानांस मिळत नाहीं. दूरचें पाहणाऱ्या दुर्बिणींची कीर्ति सर्वांच्या तोंडीं असते. परंतु दूरचें ऐकणाऱ्या यंत्रांची माहिती आपणांपैकीं फारच थोड्यांस असते. वास्तविक पाहतां अशा यंत्रांपैकीं एक जगन्मान्य यंत्र आपल्या महाराष्ट्रांतच, पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद ह्या गांवीं उभें आहे. अत्यंत क्षीण असा बिनतारी संदेश, अनेक अँटेना व गणित करणारा संगणक ह्यांच्या साह्यानें कसा ऐकतां येतो, हें त्या यंत्राच्या आधारें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचें प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. सन २०१६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १९ व्या तारखेस, युरोपीय अवकाश संस्थेनें धाडलेलें ‘स्कियापारेली’ नांवाचें लहानसें यान मंगळाच्या भूमीवर उतरावयाचें होतें. मंगळाच्या वातावरणांत शिरल्यापासून भूमीस टेंकेपर्यंतचा हा काळ अवघा कांहीं मिनिटांचा, परंतु सर्वांत धोक्याचा. ह्या काळांत यानानें आपली हकीकत मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या मोठ्या यानांस सांगावी, व त्यांनीं ती नोंदून मागाहून पृथ्वीकडे धाडावी, अशी मूळ योजना होती. म्हणजे यानाची वाणी जवळच्या श्रोत्यांपुरतीच होती. पृथ्वीपर्यंत पोंचावी अशा बेतानें ती निर्माण केलेलीच नव्हती. तरीहि ती पृथ्वीवरून थेट ऐकतां आली, तर यानाचें काय झालें तें तत्काळ कळेल, अशी शास्त्रज्ञांची इच्छा होती. हें काम खोडदच्या ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ नामक रेडिओ दुर्बिणीकडे आलें.

काम किती अवघड होतें, तें थोडक्या हिशेबानें कळेल. त्या दिवशीं मंगळ आपणांपासून सुमारें साडेसतरा कोटि किलोमीटर दूर होता; सेकंदास तीन लक्ष किलोमीटर ह्या वेगानें धांवणाऱ्या रेडिओ लहरीसहि तेथून येथें येण्यास जवळजवळ दहा मिनिटें लागत होतीं. लहरीची शक्ति अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. अंतर दुप्पट झालें कीं शक्ति चौथाई उरते. समजा, यानाचा जवळचा श्रोता एक हजार किलोमीटरवर आहे. तर त्याच्या मानानें आपण सुमारें पावणेदोन लक्ष पट दूर, आणि आपणांस मिळणारी शक्ति सुमारें तीन हजार कोटि पट कमी!

येथें कोणी म्हणेल, “संदेश क्षीण आहे तर यंत्रानें आवाज वाढवावा, म्हणजे झालें.” परंतु एवढ्यानें भागत नाहीं. संदेश कधींच एकटा येत नाहीं. त्याच्यासवें खरखर येते. यंत्राच्या तारांत उष्णतेमुळें विद्युत्कण सैरावैरा हालत असतात, त्यांची एक खरखर. खुद्द आकाशाचीहि एक खरखर आहे. आकाशगंगेकडून रेडिओ लहरी येतात, हें अमेरिकेंतील कार्ल जान्स्की ह्यांनीं १९३३ सालीं जाहीर केलें. आवाज वाढविणारें यंत्र संदेशास व खरखरीस सारखेंच वाढवितें. वर आपली स्वतःची थोडी खरखर मिसळतें. खड्यांसकट तांदळाचें माप मोठें केलें म्हणून खडे कमी होत नाहींत. ते निवडावेच लागतात. तसेंच येथेंहि संदेश व खरखर ह्यांची निवड करणें हेंच खरें काम आहे.

ही निवड करण्याची एक युक्ति म्हणजे एकाऐवजीं अनेक कान लावणें. तिचें मर्म एका खेळानें ध्यानांत येईल. मैदानावर एका मुलास उभें करावें व त्यास शंभर वेळां नाणें उडवावयास सांगावें. छाप पडल्यास एक पाऊल पुढें, कांटा पडल्यास एक पाऊल मागें. शंभर पावलें टाकूनहि तो मूळ जागेपासून साधारणपणें दहा पावलांच्या आसपासच असेल. कारण पुढचीं व मागचीं पावलें एकमेकांस खाऊन टाकतात. दुसरा मुलगा मात्र नाणें न उडवितां सरळ चालला, तर शंभर पावलें पुढें जाईल. खरखर ही त्या पहिल्या मुलासारखी आहे. तिला दिशा नाहीं, निश्चय नाहीं. संदेश हा दुसऱ्या मुलासारखा आहे.

आतां तीस अँटेना घेतल्या व त्यांचें ऐकलेलें एकत्र मिळविलें, तर सर्वांना एकच संदेश ऐकूं आलेला असल्यामुळें तो तीसपट होतो. पण प्रत्येकीची खरखर निराळी. म्हणून खरखरीची बेरीज तीसपट न होतां तिसांच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारें साडेपांच पटच होते. शक्तीच्या हिशेबानें संदेश नऊशें पट, खरखर तीसपट; अर्थात् खरखरीच्या मानानें संदेश तीसपट वर येतो. चार अँटेना असल्यास चौपट, दोन असल्यास दुप्पट, असा हा सरळ नियम आहे.

ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंत न्यूयॉर्कनजीक रिव्हरहेड येथें बेव्हरेज व पीटरसन ह्या दोघां अभियंत्यांनीं सन १९३१ मध्यें आपल्या अशाच योजनेचें वर्णन प्रसिद्ध केलें. दूरदेशचे लघुलहरींवरील संदेश क्षणांत मोठे तर क्षणांत मंद होत. परंतु एका ठिकाणीं आवाज मंद झाला असतां कांहीं अंतरावरील दुसऱ्या अँटेनावर तो बहुधा ठीक असे. म्हणून त्यांनीं दूर दूर अंतरावर तीन अँटेना उभ्या केल्या व तिन्हींचा लाभ एकदम घेतला. पुढें १९३७ सालीं फ्रीस व फेल्डमन ह्यांनीं अटलांटिकपलीकडील दूरध्वनीसाठीं एका ओळींत अनेक अँटेना मांडून, त्यांच्या लहरी एकमेकींशीं जुळवून घेण्याची यंत्ररचना प्रसिद्ध केली. ह्या जुळणीसाठीं त्यांस खरोखरीचे फिरते यंत्रभाग वापरावे लागत. कल्पना उत्तम होती. पण प्रत्येक नव्या कानाबरोबर यंत्रांचा पसारा व खर्च वाढत जाई.

जुळवून घेण्याची एवढी मातब्बरी कां, हें आपल्या शाळेंतील लेझीम ज्यांनीं खेळली आहे त्यांस सांगावयास नको. पन्नास मुलांची लेझीम एका ठेक्यांत वाजली, तर तो नाद शेजारच्या वाडीपर्यंत जातो. ठेका चुकला कीं त्याच पन्नास लेझमींचा नुसता गलका होतो. लहरींचेंहि असेंच आहे. लहर म्हणजे चढ-उतार. एका अँटेनाचा चढ दुसरीच्या चढावर पडला तर बेरीज होते. चढ उतारावर पडला तर दोन्ही मिळून शून्य! स्कियापारेलीचा संदेश सुमारें ४०१ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर होता. म्हणजे त्याच्या लहरीची लांबी सुमारें ७५ सेंटिमीटर. सेकंदाच्या अब्जाव्या भागांत लहर ३० सेंटिमीटर धांवते. तेव्हां एका चढापासून दुसऱ्या चढापर्यंतचा काळ असे अडीच भाग, आणि चढ उतारावर जाऊन पडण्यास सव्वा भागाची चूक पुरे. एवढ्याशा चुकीनें दोन कान मिळून बहिरे होतात!

ह्यांत आणखी एक अडचण आहे. आकाशांतून तिरपी येणारी लहर सर्व अँटेनांवर एकाच क्षणीं येत नाहीं. पावसाची सर गांवाच्या एका टोंकास आधीं येते व दुसऱ्या टोंकास मागाहून, तसेंच हें. खोडदच्या दुर्बिणींतील सर्वांत दूरच्या थाळ्या एकमेकींपासून सुमारें २५ किलोमीटर दूर आहेत. एवढें अंतर तोडावयास लहरीस एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांपैकीं सुमारें ८३ भाग लागतात. जिच्यावर लहर आधीं आली, तिचें ऐकलेलें तितका वेळ थोपवून धरलें पाहिजे. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळें हा विलंब क्षणोक्षणीं बदलतो. इतका बारीक हिशेब, तीस ठिकाणीं, सतत, न चुकतां कोणी ठेवावा?

येथें संगणक मदतीस येतो. जुन्या रेडिओंत तारेचीं वेटोळीं, कंडेन्सर, काचेचे दिवे असे भाग असत; प्रत्येक भागाचें काम ठरलेलें, आणि काम बदलावयाचें तर भाग बदलावा लागे. नव्या पद्धतीच्या रेडिओंत अँटेनावर आलेली लहर थोडी वाढवितात, आणि लगेच एक मापक तिची उंची सेकंदास लक्षावधि वेळां मोजून आंकड्यांत लिहून काढतो. त्यानंतर लहर उरतच नाहीं. उरते ती आंकड्यांची रांग. हवें तें स्टेशन निवडणें, नको तें गाळणें, संदेशाचा अर्थ लावणें, हीं सारीं कामें त्या आंकड्यांवर गणित करून होतात. हें गणित कसें करावें तें सांगणारी जी आज्ञावली, तिलाच सॉफ्टवेअर म्हणतात. म्हणून अशा रेडिओस ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ हें नांव १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रूढ झालें. मोजण्याचा नियम असा कीं, जितक्या रुंदीचा लहरींचा पट्टा ऐकावयाचा, त्याच्या निदान दुप्पट वेळां दर सेकंदास मोजलें पाहिजे; कमी मोजल्यास निरनिराळ्या लहरी एकमेकींत मिसळून जातात.

एकदां लहरींचे आंकडे झाले, म्हणजे वर सांगितलेली जुळणी किती सुलभ होते पाहा. आधीं आलेली रांग थोपवावयाची तर ती संगणकाच्या स्मरणांत थोडा वेळ ठेवावी. चढ थोडासा मागें-पुढें सरकवावयाचा तर एक लहानसा गुणाकार करावा. १९३७ सालीं जें फिरत्या यंत्रभागांनीं होई, तें आतां गुणाकार-बेरजेनें होतें. आणि सर्वांत मोठा लाभ हा कीं, आंकडे जपून ठेवतां येतात. उडून गेलेला शब्द पुन्हां ऐकतां येत नाहीं. पण लिहून ठेवलेले आंकडे पुन्हां नव्या रीतीनें तपासतां येतात.

आतां खोडदकडे वळूं. ही दुर्बीण उभारण्याच्या कार्याचे धुरीण प्रा. गोविंद स्वरूप. त्यांच्याच नेतृत्वाखालीं १९७० सालीं उटकमंड येथें डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण पुरी झाली होती. खोडद येथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभारल्या. त्यांपैकीं १४ थाळ्या मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत, व उरलेल्या १६ तीन दिशांस फांकलेल्या तीन बाहूंवर आहेत. थाळ्यांचा पृष्ठभाग सबंध पत्र्याचा नसून तारांच्या जाळीचा आहे. लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्यामुळें लहरी जाळीवरून परावर्तित होतात. वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळें थाळी हलकी होते व खर्चहि वांचतो. प्रत्येक थाळीनें ऐकलेलें कांचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतींत येतें.

आरंभीं तेथील हिशेब खास त्याच कामासाठीं घडविलेल्या विद्युत्‌यंत्रांनीं होत असे. पुढें तेथील शास्त्रज्ञांनीं बाजारांत मिळणारे साधे संगणक एकत्र जोडून तेंच काम सॉफ्टवेअरनें चालू वेळींच करून दाखविलें; त्याचें वर्णन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतरच्या सुधारणेंत ऐकण्याच्या पट्ट्याची रुंदी ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झवर गेली. दुपटीच्या नियमानें हें माप सेकंदास ८० कोटि मोजण्यांचें. प्रत्येक थाळीवर आडव्या-उभ्या कंपनांचे दोन संदेश, आणि थाळ्या तीस. म्हणजे दर सेकंदास ४,८०० कोटि आंकडे येतात, व त्या सर्वांचा मेळ घालावा लागतो!

हा मेळ खरोखर बसला कीं नाहीं, हें कसें कळावें? त्याची रीत मोठी मनोवेधक आहे. ज्याचें स्थान नक्की माहीत आहे असा आकाशांतील एखादा ठळक रेडिओ-उगम प्रथम ऐकावयाचा. सर्व थाळ्यांच्या लहरी त्या ठिकाणीं तंतोतंत जुळावयास हव्यात. जिची जुळत नसेल तिची चूक मोजून ती हिशेबांत दुरुस्त करावयाची, आणि मग सर्वांनीं मिळून इष्ट स्थळाकडे वळावयाचें. गाण्याच्या बैठकीपूर्वीं वाद्यें षड्जाशीं लावून घेतात, त्यांतलाच हा प्रकार. ह्या सर्वांच्या मुळाशीं एक अट असते ती अशी कीं, सर्व थाळ्यांचें काम एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चाललें पाहिजे. घड्याळें दोन झालीं कीं मेळ गेला.

आतां त्या १९ ऑक्टोबरकडे परत जाऊं. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं संदेश नोंदण्याची खास यंत्रसामग्री खोडदला आणली होती. त्या सायंकाळीं थाळ्या मंगळाकडे वळल्या, त्यांचे आंकडे एकत्र मिळविले गेले, आणि खरखरीच्या सपाट मैदानांतून एक बारीक रेषा वर आली. ती स्कियापारेलीची हांक होती! त्या रेषेंत शब्द नव्हते; तरी ती बोलत होती. आगगाडी जवळ येतांना शिट्टीचा सूर चढतो व दूर जातांना उतरतो, हें आपण ऐकलें आहे. त्याचप्रमाणें यानाचा वेग बदलतांच त्याच्या लहरीची वारंवारता बदलत होती. ती पाहून यान वातावरणांत शिरलें, त्याची हवाई छत्री उघडली, हें येथें बसून ओळखतां येत होतें.

नंतर, भूमीवर उतरण्याच्या नियोजित क्षणाच्या थोडें आधीं, ती रेषा एकाएकीं थांबली. पुन्हां ती उमटली नाहीं. यान मंगळावर आदळून नष्ट झालें होतें. मोठ्या यानानें नोंदलेल्या माहितीवरून चौकशी झाली व १९१७ नव्हे तर शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१७ सालच्या, अहवालानें कारण उघड केलें. यानाचें गिरकी मोजणारें उपकरण कांहीं क्षण आपल्या मर्यादेच्या टोंकास जाऊन अडकलें. त्यावरून यानावरील संगणकानें उंचीचा चुकीचा हिशेब केला व आपण भूमीच्याहि खालीं आहों असें मानलें. त्यानें छत्री अकालीं सोडून दिली व वेग आंवरणारीं इंजिनें अवघ्या तीनेक सेकंदांत बंद केलीं. तेव्हां यान अद्याप सुमारें पावणेचार किलोमीटर उंचीवर होतें. एका चुकीच्या आंकड्यानें यान गेलें. आणि कोट्यवधि अचूक आंकड्यांच्या मेळानें त्याची शेवटची हांक आपणांस ऐकूं आली. हिशेबाच्या अचूकपणाची किंमत ह्याहून स्पष्ट कोण सांगेल?

अनेक कानांचा दुसराहि एक उपयोग आहे. आपणांस दोन कान असल्यामुळें आवाज कोणत्या बाजूनें आला तें कळतें. अनेक अँटेनांसहि तसेंच कळतें. एका दिशेची लहर जुळवून वाढवितां येते, तशीच दुसऱ्या दिशेची लहर मुद्दाम चढावर उतार पाडून पुसूनहि टाकतां येते. ह्याची गरज मोठी आहे. कारण मनुष्यानें केलेला गोंगाट हा नाण्याच्या खेळांतील मुलासारखा दिशाहीन नसतो. विजेच्या तारांवरील ठिणग्या, भ्रमणध्वनीचे मनोरे, ह्यांच्या लहरी सर्व थाळ्यांवर एकदमहि येतात. म्हणून केवळ बेरजेनें त्या जात नाहींत. सॉफ्टवेअर अशा लहरी ओळखून त्यांतील बऱ्याचशा गाळतें. पण गोंगाट फार झाला तर त्याचाहि इलाज चालत नाहीं. खोडदची जागा निवडतांना भोंवतालच्या टेंकड्यांचा आडोसा व शहरी गलबल्यापासूनचें अंतर पाहिलें गेलें, तें ह्याचसाठीं. द्राक्षांच्या बागा व टोमॅटोचे मळे ह्यांमधील ती शांतता हेंहि त्या दुर्बिणीचें एक अंगच आहे.

त्या शांततेंत काय ऐकूं येतें ह्याचा आणखी एकच दाखला देतों. हायड्रोजन वायूच्या अणूंपासून २१ सेंटिमीटर लांबीची लहर निघते. अतिदूरच्या एका तारकाविश्वांतून निघालेली ही लहर ८०० कोटींहून अधिक वर्षें प्रवास करीत, विश्वाच्या प्रसरणामुळें ताणली जाऊन सुमारें ४८ सेंटिमीटरांची झाली व खोडदच्या थाळ्यांनीं ती टिपली, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. वाटेंतील दुसऱ्या एका तारकाविश्वाच्या गुरुत्वानें भिंगाप्रमाणें तिला मोठें केलें होतें, म्हणूनच ती ऐकूं आली. ही लहर निघाली तेव्हां आपली पृथ्वीहि जन्मास आलेली नव्हती!

हें सारें मोठ्या संस्थांचेंच काम, असें मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं समजूं नये. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं केलेलें, बोटाएवढें एक स्वस्त यंत्र कच्चे आंकडेहि देऊं शकतें, हें २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानांत आलें. तेव्हांपासून सॉफ्टवेअर रेडिओ सामान्य विद्यार्थ्याच्याहि आटोक्यांत आला आहे. अशीं दोन-चार यंत्रें एकाच घड्याळाच्या ठोक्यावर चालविलीं व प्रत्येकास एकेक अँटेना जोडली, तर वर सांगितलेला मेळ शाळेच्या गच्चीवरहि घालून पाहतां येईल. ज्यांस मूळ स्थान पाहावयाचें असेल, त्यांनीं फेब्रुवारीच्या २८ तारखेस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनाची चौकशी करून पालकांसह अवश्य जावें.

सारांश, क्षीण हांक ऐकावयाची तर तीन गोष्टी लागतात: कान अनेक असावेत, त्यांचें घड्याळ एक असावें, आणि भोंवतीं शक्य तितकी शांतता असावी. तीस थाळ्यांपैकीं एकीनेंहि दुसरीपेक्षां मोठ्यानें कांहीं केलें नाहीं. प्रत्येकीनें आपल्या वाट्यास आलेलें थोडेंसें, वेळेवर व अचूक, सर्वांच्या बेरजेंत घातलें. एवढ्यानें कोट्यवधि कोसांवरून आलेली, कोणा एकीस स्पष्ट न ऐकूं येणारी हांक सर्वांस मिळून ऐकूं आली. आमचे विद्यार्थी पुढें ज्या कोणत्या कार्यांत पडतील, तेथें त्यांस ही बेरीज साधो, अशी इच्छा प्रकट करून आम्ही लेखणी खालीं ठेवतों.